तीन आडनावांचा ढग

दिवाळीच्या पाडव्याला खडकेवाडीच्या चारीला पाणी सुटायचं होतं. उन्हं डोक्यावर आली तरी चारीत नुसते सरडे फिरत होते.

सगळी वाडी बांधावर जमलेली. डाळिंबाला फळ धरलं होतं, लिंबाएवढं झालं होतं. ऐन या वेळेला पाण्याची पाळी चुकली की फळ झाडावर राहत नाही, पटापटा गळतं. आणि ही झाडं वाडीनं माझ्या शब्दावर लावली होती. खडकेवाडी म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, आमच्याकडं त्याला शेपूट म्हणतात. पाणी शेपटापर्यंत कधी येतच नसे, वरचे लोक वरच्या वर पिऊन टाकत. म्हणून इथं मेंढरं आणि करडई यापलीकडं कुणी काही केलं नव्हतं. पाच वर्षांमागं मी देवळापुढं उभी राहून म्हणाले, आता येईल, लावा झाडं. मी, मालन यमगर. या वाडीत माझा शब्द खाली पडत नाही.

सगळ्यांच्या फोनवर एकच ओळ आली होती: खडकेवाडी, पाळी पूर्ण.

"पूर्ण म्हणं," शेजारची छबू म्हणाली. "यात बेडूक तरी भिजला का?"

तेवढ्यात पाटकरी बिराप्पा आला. कालव्याची दारं आता आपोआप उघडतात, मिटतात, पण पाणीवापर संस्थेनं पाटकरी ठेवलाय. दाराला अडकलेला कचरा काही आपोआप निघत नाही. बिराप्पा माझ्याकडं बघेना. म्हणाला, "अक्का, जरा बाजूला येता का?"

"बाजूला कशाला? मी काय कुणाची मेंढी चोरलीय? हितंच बोल."

"मजकूर बदललाय, अक्का. पाणी आधी गारशेडला द्यायचं, उरलं तर शेपटाला. तसं लिहिलंय आता."

"कोण म्हणतंय?"

"दोन धन्यांची संमती लागती. ती पडलीय." त्यानं फोन पुढं केला. छबूनं मान वाकडी करून मोठ्यानं वाचलं, "संमती देणार, शालन हुबाले." मग ती थांबली. पुढचं तिनं हळू वाचलं. "मालन यमगर."

तोंडावर शिव्या घातल्या असत्या तर मी दुप्पट परत केल्या असत्या. पण माणसं नुसती माझ्याकडं बघत राहिली, आणि मग एकेक करून आपल्या झाडांकडं बघायला लागली.

हे कसं झालं ते कळायला थोडं मागं जायला पाहिजे.

पूर्वी कालव्याची दारं साहेबाच्या हातात होती. ज्याचा साहेबाशी घरोबा, त्याच्या रानात पाणी. लोक चिडले, पाणीवापर संस्था झाली, दारांना मोटारी बसल्या, आणि कोणाची पाळी कधी, किती, हा हिशेब मशीनकडं द्यायचं ठरलं. पण मशीन ठेवायचं कुणाकडं? कचेरीत ठेवलं तर ते कचेरीचं होणार. वरच्या गावात ठेवलं तर वरच्या गावाचं. सभेत खुर्च्या उचलायची वेळ आली, तेव्हा माझा भाऊ संपत उभा राहिला.

संपत कोळेकर. आम्हा तीन बहिणींच्या पाठीवरचा एकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. मी तिसरीतनं शाळा सोडली ती त्याला काखेत घेऊन. पुढं तो इंजिनेर झाला, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत राहिला, आणि पन्नाशीच्या आसपास भिवरगावला, आमच्या माहेरी, परत आला. शिकलेला माणूस गावात परत आला म्हणून लोक त्याला मान देत. थोडा मान मीही मिळवून दिला होता.

"मशीन कुणाकडंच ठेवायचं नाही," तो सभेत म्हणाला. "ढगात ठेवायचं."

त्या वर्षीच्या भाऊबीजेला त्यानं मला ते नीट सांगितलं. चकल्यांचं ताट आम्हा दोघांच्या मधे होतं.

"संपत्या, ढग म्हणजे कुण्या शेटजीचं गोदामच की. टीव्हीत दाखवत्यात."

"तो जुना ढग, अक्का. एका मालकाचा. या नव्याला मालकच नाही. हजारो घरांत असे डबे आहेत." त्यानं विटेएवढा काळा डबा दाखवला. "ज्याच्या घरात डबा, तो थोडी जागा देतो, थोडी ताकद देतो. कुणाला काम चालवून घ्यायचं असलं की तो पुकारा करतो. डबे आपापला दर सांगतात. जो अटीत बसेल आणि स्वस्त पडेल, त्याला काम."

"आणि ते काम त्या डब्यात नेऊन कोण बसवतं? तू फिरतोस व्हय घरोघर?"

"फिरायचं नाही. नुसतं लिहायचं. तू लग्नात आचाऱ्याला काय सांगतीस? दोनशे पानं, पुरणपोळी, बाराच्या आत. चुली किती मांडायच्या, कढई कुणाची आणायची, हे सांगतीस का? तसंच. मी एक मजकूर लिहितो. पाण्याचा हिशेब तीन घरांत चालू पाहिजे. दोघांचा हिशेब जुळला तरच दार हलेल. पाणी आधी शेपटाला, मग मधल्या गावाला, मग तोंडाच्या गावाला. हा मजकूर ढगापुढं ठेवला, की जे लिहिलंय ते उभं राहतं. मजकूर बदलला की उभं केलेलंही बदलतं. पण बदलायला तिघांतल्या दोघांची संमती पाहिजे."

"एखाद्या घरातली लाईट गेली तर?"

"पंगतीत एक उठला तर आचारी पान रिकामं ठेवतो का? पुढचा बसवतो. मजकुरात तीन म्हटलंय, तर तिसरा कुठनंही हुडकून आणणार."

"आणि तिन्ही पानांवर एकाच घरचे बसले तर?"

तो हसला. "तिसरी शिकलीस आणि मोक्याचं विचारतीस. अट घातलीय. तीन गावं, तीन आडनावं, तीन शिधापत्रिका. डब्यांचे धनी एका घरचे निघाले, तर मजकूरच खोटा. मग पुढचा बसवणं नाही, अख्खी पंगतच उठते. दारं पुन्हा हातानं फिरवायच्या चाकावर."

आणि त्यानं तो डबा माझ्या ओवाळणीच्या ताटात ठेवला. शालनच्या ताटात एक, कुसुमच्या ताटात एक. खडकेवाडीची मालन यमगर, पिंपळखोरीची शालन हुबाले, लोणारगावची कुसुम सरगर. तीन गावं आणि तीन आडनावं झाली. ढगाला पसंत पडली. आम्ही तिघी एका आईच्या पोटच्या, हे कालव्यावरच्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. एकट्या ढगाला माहीत नव्हतं, आणि त्याला सांगावं असं कुणाला वाटलं नाही. उलट लोक म्हणाले, बरं झालं, बहिणी-बहिणी आहेत, पाण्यावरनं भांडायच्या नाहीत.

प्रत्येक डब्याबरोबर बोटाच्या पेराएवढी एक चावी होती. धन्यानं संमती द्यायची ती चावी लावून. त्या चाव्या संपतनं आपल्याकडं ठेवल्या. मी मागितली नाही. भावानं साडी दिली तर दुकानाची पावती मागतो का आपण? ओवाळणीत पडलेल्या वस्तूची चावी मागायची म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखं. शालननं मागितली नाही, कुसुमनं मागितली नाही. तीन घरांत तीन डबे आणि एका खिशात तीन चाव्या, असा आमचा बिनमालकाचा ढग पाच वर्षं चालला. चांगला चालला, खोटं कशाला बोलू. शेपटाला पाणी आलं, डाळिंबं झाली. मजकूर संस्थेच्या फळ्यावर उघडा असायचा, कुणीही वाचावा. उघडा होता म्हणूनच कुणी वाचत नव्हतं.

मागच्या वर्षी लोणारगावच्या शिवेपलीकडं, कालव्याच्या अगदी तोंडाशी, एका कंपनीनं गारशेड उभारली. नाव आमच्या लोकांनी ठेवलेलं. आत आपल्या डब्यासारखी मशीनच मशीन, माणूस औषधाला नाही. ती मशीन इतकी तापतात, की त्यांच्या अंगावरनं थंड हवा वाहती ठेवावी लागते, आणि हवा थंड करायला पाणी लागतं. आपण माठाला ओलं फडकं गुंडाळतो, तसंच. फडक्यातलं पाणी उडून जातं तेव्हा माठ गार होतो. इथं माठ गावाएवढा, आणि फडकं कधी सुकू द्यायचं नाही.

त्या फडक्यासाठी माझ्या नावानं माझ्या वाडीचं पाणी दिलं गेलं होतं.

बांधावरनं घरी आले. देवळीत तो डबा हिरवा दिवा मिचकावत बसला होता. दर पाडव्याला मी त्याला हळदकुंकू लावायची. आज मी त्याची वायर उपटली. दिवा विझला. म्हटलं, घे. माझ्या नावानं काही करायचं असेल तर आता कर.

चहा व्हायच्या आत बिराप्पाचा फोन आला.

"अक्का, डबा बंद केला का तुम्ही?"

"केला."

"का केला ओ? तुमचं पान उठलं. ढगानं पुकारा केला, आणि सगळ्यात कमी दर गारशेडनं दिला. गाव वेगळं, नाव वेगळं, अटीत बसली. आता तिसरी धनी तीच. परत तुम्हाला बसायचं तर शालनताई आणि कुसुमताई दोघींची संमती पाहिजे."

मी चुलीपुढं बसून राहिले. संपत मला ओळखत होता. अक्का चिडणार आणि उपटून टाकणार, हे त्यानं धरलं असणार. माझ्या रागाचीही त्यानं पंगतीत सोय केली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. एसटीनं भिवरगावला गेले. वाटेत मनात एकच होतं, शालनचं नाव तिच्या नकळत वापरलं असणार, जसं माझं वापरलं. तिघी मिळून त्याचा कान धरू. लहानपणी धरायचो तसा.

माहेरी सोप्यात पाट मांडलेला, रांगोळी काढलेली. शालन आणि कुसुम आधीच आलेल्या. संपत नवा सदरा घालून बसला होता. मला बघून उठला, पाया पडला.

"औक्षवंत हो," मी म्हटलं, कारण ते तोंडातनं आपसूक निघतं. "आता सांग. माझी चावी तू लावलीस?"

त्यानं लपवलं नाही. एवढं त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. "लावली."

"मला विचारलं असतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, अक्का. म्हणून विचारलं नाही."

"आणि माझ्या फोनवर निरोप आला असंल की संमतीचा."

"तो आवाज मी बंद करून ठेवला होता. गणपतीत फोन दुरुस्त करून दिला तेव्हा."

म्हणजे गणपतीपासून ठरलं होतं. तेव्हा मी त्याला मोदक वाढत होते.

"ऐक जरा," तो म्हणाला. त्याचा आवाज सभेतल्यासारखा झाला. "शेपटापर्यंत जाईस्तोवर निम्मं पाणी जमिनीत मुरतं. मी हिशेब करून बघितलाय. तेच पाणी वर वापरलं तर बांधकामाला, पहाऱ्याला शंभर पोरांना काम लागतंय. शालीची दोन्ही पोरं तिथंच लागलीत. तुझ्या नातवाचं नाव मी दिलंय. मी काय स्वतःसाठी केलं?"

मी शालनकडं बघितलं. ती करंज्यांच्या डब्याचं झाकण लावत होती. लागलेलं झाकण परत लावत होती.

"शाले, तुझं नाव तुला विचारून घातलं का?"

"अक्का, माझी पोरं दोन वर्षं घरी बसून होती. तुला ठाऊक आहे."

"म्हणजे विचारून."

"तुझं नाव लागणार होतं हे मला ठाऊक नव्हतं."

"तिचंच का लागलं रे संपत?" कुसुमनं विचारलं. ती आमच्यात सगळ्यांत गरीब स्वभावाची. "माझं लावायचंस."

संपत घुटमळला. मग म्हणाला, "लोणारगाव तोंडाचं गाव. त्यांची संमती दिसली असती तर शेपटाकडची माणसं पेटली असती. अक्काचं नाव बघितलं की कुणी शंका काढत नाही."

मला वाटतं, तो हे कौतुकानं बोलला. आयुष्यभर ताठ मानेनं वागून मी जे नाव कमावलं, ते त्यानं नेमकं त्याच जागी खर्चलं जिथं ते सगळ्यात जास्त चालणार होतं. परक्यानं चोरलं असतं तर त्याला किंमत कळली नसती. त्यासाठी घरचाच माणूस लागतो.

"आणि मला कळलं तर, याचा विचार केलास का?"

उत्तर शालननं दिलं. "तो म्हणाला, अक्काला यातलं काही कळायचं नाही. पाणी आलं नाही तर कचेरीला शिव्या देईल आणि गप बसेल."

मी ताट उचललं. हळदकुंकू, सुपारी, निरांजन, सगळं होतं. संपत पाटावर बसला, डोक्यावर रुमाल घेतला. मी त्याला टिळा लावला. मग निरांजन पेटवायच्या आधी थांबले.

"या वर्षी ओवाळणीत चाव्या घाल. तीन."

"अक्का..."

"साडी नको, सोनं नको. तिघींच्या तीन चाव्या घाल. शाली आणि कुशी संमती देतील, माझं पान मला परत मिळेल, मजकूर होता तसा लिही. तू चुकून केलंस असं मीच लोकांना सांगीन. माझ्या तोंडानं सांगीन."

त्यानं सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. चाव्या तिथंच होत्या, मला कापडावरनं दिसत होत्या. खूप वेळ त्यानं हात काढला नाही. मग म्हणाला, "कंपनीशी बोलणं झालंय. आता मागं फिरता येत नाही." आणि दुसऱ्या खिशातनं सोन्याची अंगठी काढून ताटात ठेवली.

मी निरांजन पेटवलं नाही. ताट खाली ठेवलं, अंगठी उचलून पाटाच्या कडेला ठेवली, आणि फोन काढला. संस्थेचा हरकतीचा नंबर मला पाठ आहे. कालव्यावरच्या कुठल्याही माणसानं हरकत सांगावी, ढग ती तपासतो.

संपत उठून उभा राहिला. मी काय करते ते त्याला माझ्याआधी कळलं. "अक्का, थांब. एवढं एक करू नको. माझा मजकूर खोटा ठरला तर पुन्हा कुठल्याच ढगात माझ्या नावानं काही उभं राहायचं नाही. शालीचा, कुशीचा डबा कायमचा बाद होईल. गारशेड पोरांना ठेवायची नाही."

"चार डाळिंबांसाठी माहेर मोडतीस व्हय?" शालन म्हणाली.

"चार नाहीत," मी म्हणाले. "आणि मोडलं मी नाही."

फोनमधनं बाईचा आवाज आला, अगदी अदबीनं. हरकत कशाबद्दल?

"धनी एका घरचे आहेत. शालन हुबाले आणि कुसुम सरगर या सख्ख्या बहिणी. मजकूर लिहिणारा त्यांचा सख्खा भाऊ."

आडनावं, गावं आणि शिधापत्रिका वेगळ्या आहेत, असं ती म्हणाली.

"त्या लग्नानंतरच्या. भिवरगावच्या जन्माच्या नोंदी बघा. आईचं नाव बघा. तारू भिवा कोळेकर."

हरकत घेणाऱ्याचं नाव विचारलं. तोंडातनं मालन यमगर येणार होतं. पण मालन यमगर त्या मजकुरात आता कुठं बसत नव्हती. ती तर उठून गेलेलं पान होती. मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत उच्चारलं नव्हतं ते नाव सांगितलं.

"मालन भिवा कोळेकर. मी त्यांची थोरली बहीण."

तपासायला तिला एक घोट चहाएवढाही वेळ लागला नाही. संपतच्या फोनवर आवाज झाला, शालनच्या झाला, कुसुमच्या झाला. मजकुराची अट खोटी ठरली. काम उतरवलं आहे. सर्व दारं हातचाकावर.

संपत पाटावर बसला. कपाळावर माझा टिळा तसाच होता. "तूच वाढवलंस मला," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणाले. "म्हणून तुझ्या तोंडावर केलं. तुझ्या नकळत नाही."

कुसुम मला उंबऱ्यापर्यंत पोचवायला आली, पण उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाही. आत शालन रडत होती. आम्ही तिघी एका घरच्या, हे ढगाला पहिल्यांदा कळलं तो हा दिवस. त्या दिवसानंतर आम्ही एका घरात बसलेलो नाही.

उन्हं उतरायला लागली तेव्हा वाडीवर परतले. वाटेत वरच्या दाराशी बिराप्पा दोन्ही हातांनी चाक फिरवत होता, गंजलेल्या चाकाचं किरकिरणं लांबवर ऐकू येत होतं. लोणारगावची दोन माणसं त्याच्याशी हुज्जत घालत होती. तो म्हणत होता, "संस्थेची सभा बसूस्तोवर जुना नियम. आधी शेपूट. मला बोलायचं तर चाक फिरवायला हात लावून बोला." त्यांनी हात लावला नाही, पण गेलीही नाहीत. पुढं किती दिवस भांडण चालेल, मला ठाऊक नव्हतं. नवा मजकूर कोण लिहील, तेही नव्हतं.

अंधारायच्या आधी चारीच्या तळाला ओल दिसली. मग करंगळीएवढी धार आली, पुढं पाचोळा ढकलत. माणसं फावडी घेऊन धावली. मला कुणी शाबास म्हटलं नाही, कुणी माफीही मागितली नाही. माझं नाव त्यांनी फोनवर वाचलं होतं, ते इतक्यात पुसलं जाणार नव्हतं.

घरात जाऊन मी ताट केलं. अंगणात आले. पश्चिमेला बीजेची कोर टेकडीवर टेकली होती, बारीक, नखाएवढी. ज्या बाईला भाऊ नसतो ती आजच्या दिवशी चंद्राला ओवाळते. मी निरांजन पेटवलं.

कुंपणापलीकडं छबू खांद्यावर फावडं घेऊन उभी राहिली. "काय गं अक्का, भाऊ जिता असताना चंद्राला?"

"जिता हाय," मी म्हटलं. "सुखात राहू दे."

तिनं फावडं कुंपणाला टेकवलं आणि मी ओवाळून होईस्तोवर तिथंच थांबली. चंद्र ताटात काही टाकत नाही. तेच बरं वाटलं.